पाणी थांबते तेथे

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज रुजू झालो. निवृत्तीनंतर हे शब्द पुन्हा लिहिण्याचा योग येईल असे वाटले नव्हते. सकाळी बुटांना पॉलिश करताना चक्क शीळ घालीत होतो. ती स्वतःच्याच कानी पडली तेव्हा थांबलो. पत्नीच्या निधनाला अद्याप वर्ष व्हावयाचे आहे, आणि शीळ घालणे तिच्या हयातीतही मला शोभत नसे.

भाड्याची खोली हवेशीर आहे. पत्नीची धाकटी बहीण पलीकडच्याच गल्लीत राहते. रात्रीचे जेवण तिच्याकडे, असा तिने हुकूमच काढला आहे. ती येथील रुग्णालयात परिचारिका आहे आणि ही नोकरी तिच्याच शब्दामुळे मिळाली. रुग्णालयाच्या तळघरातील संशोधन केंद्राला रेषा तपासणारा माणूस हवा होता. माझे आयुष्य नकाशे तपासण्यात गेले. जेवणातला केस दिसावा तसा भाऊजींना नकाशातला चुकलेला ओढा दिसतो, असे मेहुणीने केंद्राच्या प्रमुख डॉक्टरबाईंना सांगितले म्हणे. उपमा किळसवाणी असली तरी वस्तुस्थितीला धरून आहे.

कामाचे स्वरूप समजून घेतले ते असे. मेंदूतील पाण्याचे कण सतत हलत असतात, आणि मज्जातंतूंच्या लांबीच्या दिशेने ते अधिक सहज सरकतात, जसे पाणी शेताच्या सरींतून. डिफ्यूजन एमआरआय या पद्धतीने ही हालचाल निरनिराळ्या दिशांनी मोजता येते, आणि त्या मोजमापांवरून संगणक तंतूंचे मार्ग रेखाटतो. मात्र संगणक अतिउत्साही आहे. नसलेले रस्तेही काढून ठेवतो. ते हुडकून खोडणे हे माझे काम. डॉक्टरबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की काही मिनिटांतच तेथील पाण्याची हालचाल मंदावते आणि चित्रात ती जागा पांढरी उमटते. पक्षाघाताच्या रुग्णाला ही तपासणी तातडीने करतात ती याचसाठी. पाणी थांबलं की पांढरं, एवढं लक्षात ठेवा, असे त्या म्हणाल्या. पत्नी कशाने गेली हे त्यांच्या तेवढ्यात ध्यानात आले असावे. त्यांनी घाईने चहा मागवला.

यंत्र चालविणाऱ्या तंत्रज्ञास सर्वजण चुंबकराव म्हणतात. यंत्राचे चुंबक प्रचंड असल्याने हा गृहस्थ प्रत्येकाचे खिसे चाचपतो. माझा पट्टा, किल्ल्या, चष्म्याची डबी, सर्व त्याने काढून घेतले आणि म्हणाला, काका, या खोलीत फक्त माणूस आत जातो, इस्टेट बाहेर राहते. मला हसू आले. बऱ्याच दिवसांनी आले.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

कामाचा सराव होत आहे. डॉक्टरबाईंनी प्रशंसा केली.

संग्रहात शेकडो निरोगी स्वयंसेवकांच्या मेंदूंची चित्रे आहेत. नावे काढून केवळ क्रमांक ठेवलेले, आणि चेहऱ्याचा भाग कापून टाकलेला, जेणेकरून कोणी कोणास ओळखू नये. चुकून एखादे ओळखीचे निघाल्यास ते तत्काळ बंद करून बाईंना सांगावयाचे, असा येथील कडक नियम. मी तो मान्य केला आहे.

या संग्रहात माझी पत्नीही आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही मेहुणीकडे आलो असताना, तेव्हा पूर्ण निरोगी असलेल्या तिने हौसेने स्वतःचे डोके या केंद्रास दिले. आभार म्हणून तिला मेंदूच्या चित्राची एक प्रत मिळाली. तुम्ही सारखं म्हणता ना मला डोकं नाही म्हणून, हा घ्या पुरावा, असे म्हणत तिने ती माझ्या हातावर ठेवली. पुढे ते चित्र माझ्या मेजावरील काचेखाली राहिले. त्यात डावीकडे एका खाचेला फाटा फुटून तो लगेच मूळ खाचेस परत मिळतो, मध्ये बेटासारखा तुकडा सोडून. ते माझं बेट, ती म्हणे. तुमचा राग आला की तिथं जाऊन बसते.

मी तिला शोधण्यासाठी येथे आलेलो नाही. हे लिहून ठेवतो.

सोमवार, १० फेब्रुवारी

सापडले.

मी शोधत नव्हतो. नेमून दिलेल्या कामात ते आले. पण किनारपट्टी ओळखणाऱ्यास बेट ओळखू येणारच. नियमाप्रमाणे चित्र बंद करावयास हवे होते. मी दारास आतून कडी घातली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाहत बसलो. स्वच्छ, निरोगी, अखंड मेंदू. कोठेही पांढरा ठिपका नाही. या वळ्यांपैकी कुठल्या तरी वळीत माझ्या आईशी घातलेले वाद असतील, कुठल्या तरीत हिशेबात मला हातोहात फसविण्याच्या युक्त्या. मी चष्मा कपाळावर चढवून, मान तिरकी करून, बारीकसारीक सर्व पाहिले, जसा मी नकाशा पाहतो.

बाहेर येताच चुंबकराव वैतागलेला दिसला. तपासणीच्या वेळी रुग्णाच्या हाती एक रबरी फुगा देतात, रक्तदाबाच्या यंत्राला असतो तसा. घाबरले किंवा नकोसे झाले की दाबावा, म्हणजे बाहेर नियंत्रण-कक्षात घंटी वाजते. यंत्राच्या खोलीत कोणी नसताना ती सकाळभर राहून राहून वाजत होती. यंत्राला उचकी लागली बघा, कुणीतरी आठवण काढतंय, असे तो म्हणाला.

बाईंना काही सांगितले नाही. सेवेच्या सबंध कारकिर्दीत मी एकही नियम मोडला नव्हता.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज पुन्हा उघडले. क्षणभरच, असे ठरवून.

डाव्या बाजूस वर, बेटाच्या किंचित मागे, तांदळाएवढा पांढरा ठिपका आहे. प्रथम धूळ समजून पडदा रुमालाने पुसला. धूळ नव्हती. सोमवारी ठिपका नव्हता. सोमवारी मी तासन्‌तास पाहिले. माझ्या नजरेतून सुटेल हे शक्य नाही.

घंटी वाजली. चित्र बंद केल्यावर थांबली. चुंबकरावाने नवा फुगा बसविला आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

चहाच्या वेळी, अन्य कशाच्या तरी संदर्भात विचारावे तसे, मी डॉक्टरबाईंना विचारले की साठविलेले चित्र कालांतराने बदलू शकते काय. त्या मोठ्याने हसल्या. लग्नाच्या फोटोतल्या नवऱ्याला फोटोत टक्कल पडतं का हो, असे त्यांनी मलाच विचारले.

हे पटण्याजोगे होते. शहानिशा करणे हे माझे कर्तव्य असल्याने जागेवर परतून चित्र उघडले.

आता ठिपके दोन आहेत. दुसरा मागच्या बाजूस, डावीकडे खाली, पहिल्याहून मोठा. मी पाहत असताना त्याच्या कडा वाढत नाहीत. एकदा बंद करून पुन्हा उघडेपर्यंतच काय ते घडते. घंटी वाजत राहिली, आणि या वेळी मी ती वाजत असल्याचे ऐकत असूनही लगेच बंद केले नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

जेवताना मेहुणीशी पत्नीच्या अखेरच्या दिवसांविषयी बोललो. आम्ही हा विषय टाळत आलो आहोत.

सर्वप्रथम तिच्या उजव्या हाताची बोटे गेली. एके सकाळी वेणी घालता येईना. तो लहानसा झटका होता, असे डॉक्टर म्हणाले. नंतर वाचन गेले. वर्तमानपत्र हाती धरून ती म्हणाली, यात मुंग्या भरल्यात. हृदय ठीक, रक्तवाहिन्या ठीक. कारण कोणालाही सापडले नाही.

आधी बोटे, मग अक्षरे. मी मुद्दाम सहजतेने विचारले की मेंदूत या गोष्टींची ठिकाणे कोठे असतात. मेहुणीने चमचा खाली ठेवून स्वतःच्या डोक्यावर बोट टेकवून दाखविले. पहिल्यांदा डावीकडे, वर. मग डावीकडे, मागे, खाली.

मग ती म्हणाली, भाऊजी, एक सांगू का, रागावू नका. ताई त्या दिवसांत सारखी म्हणायची, माझ्या डोक्यात कुणीतरी डोकावतंय गं. आणि हसून म्हणायची, यांच्यासारखंच बघतंय मेलं, चष्मा कपाळावर चढवून, मान तिरकी करून. तुम्हांला सांगू नको म्हणाली. तुम्ही मनाला लावून घ्याल म्हणून.

ताट बाजूला सारले. मी तेव्हा तिच्या उशाशी बसून असे. बघत बसू नका ना, असे ती म्हणाली की मी खुर्ची मागे सरकवीत असे. मला वाटे, ती माझ्याशी, त्या खोलीतल्या माझ्याशी बोलत आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी

दिवसभर खोलीत. जे सुचते ते लिहावयास लाज वाटते, तरी लिहितो. ती गेल्या वर्षी गेली. मी चित्र या आठवड्यात पाहिले. कारण परिणामाच्या मागाहून येऊ शकत नाही, हे मी शाळेपासून शिकत आलो.

पण बोटे तिची गेली, आणि ठिपका माझ्या नजरेखाली उमटला. पाणी तेव्हा थांबले. पाहणारा मी आहे, आज.

उद्यापासून ते चित्र उघडणार नाही. वचन देतो. कोणास, ते लिहीत नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

उघडले.

बुधवारी उघडले त्यास मोह म्हणता येईल. गुरुवारी, शहानिशा. आजच्यास कोणतेही नाव नाही. मला ठाऊक होते. ठाऊक असून उघडले, कारण मेजावरच्या काचेखालचे ते चित्र कागद आहे, आणि हे… येथे ती घंटी वाजवते. इतक्या महिन्यांनंतर ती मला काहीतरी म्हणत होती. नको म्हणत होती, पण म्हणत होती.

चित्र उघडले तेव्हाच मागे डॉक्टरबाई उभ्या होत्या. कडी घालावयास विसरलो होतो. त्यांनी पुढे वाकून पडद्यावर पाहिले आणि दोन्ही हात मेजावर टेकवले. तिसरा आणि चौथा. दोन्ही पांढरे, शेजारी शेजारी. निरोगी म्हणून घेतलेल्या व्यक्तीत एवढे ताजे झटके, आणि आमच्यातल्या कुणालाच कसे दिसले नाहीत, असे त्या स्वतःशीच पुटपुटत राहिल्या.

आम्ही दोघे पाहत होतो. म्हणून दोन.

तिला त्या आठवड्यात एकाच दुपारी लागोपाठ दोन झटके आले होते. नावे गेली. बहिणीचे नाव तिला आठवेना. माझे गेले की नाही, हे कधीच कळले नाही. जन्मभर ती मला अहो म्हणत आली, आणि तेव्हाही अहोच म्हणाली. मी त्यात समाधान मानले. मला वाटले, मी तेवढा राहिलो.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

बाई ते चित्र परवा, गुरुवारी दुपारी, वरच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर दाखविणार आहेत. साऱ्या विभागांचे डॉक्टर येणार. खुर्च्या मांडावयास सांगितल्या आहेत.

मी त्यांच्यापुढे उभा राहून सर्व सांगितले. ती माझी पत्नी आहे, मी ओळखले, नियम मोडला. आपण पाहिले की तिला लागते, हेही सांगितले. त्यांनी मला बसविले, पाणी दिले. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. काका, तुम्ही फार लवकर कामाला लागलात, असे म्हणाल्या. मग म्हणाल्या की या चित्रामुळे उद्या दुसऱ्या कुणाची बायको वाचेल. नाव नाही, चेहरा नाही, कोण ओळखणार?

युक्तिवाद बिनतोड आहे. मीही हाच केला असता.

पुसून टाकण्यात अर्थ नाही. प्रत त्यांच्याकडे आहे.

सभागृहात किती डोळे असतील —

बुधवार, १९ फेब्रुवारी

चित्र सकाळपासून बंद आहे. मी हात लावलेला नाही. तरी घंटी.

चुंबकरावाने आज विनोद केला नाही. फुगा नळीपासून तोडला, माझ्या खोलीत येऊन मेजाच्या खणात टाकला. काका, ठेवा तुमच्याकडे, मला तो समोर नको, म्हणाला. घंटी थांबली.

खणात आवाज येतो. उघडून पाहिले. फुगा दबतो. फुगतो. दबतो. कोणीही धरलेला नाही.

ही लय मला ठाऊक आहे.

तिच्या शेवटच्या दिवशी सकाळपासून तिची डावी मूठ वळत होती, उघडत होती. वळत, उघडत. तिच्याजवळची एक परिचारिका म्हणाली, आपोआप होतं तसं, त्यांना काही कळत नाहीये. ते पाहवेना म्हणून मी माझ्या दोन्ही हातांनी ती मूठ घट्ट धरून ठेवली. दाबू दिली नाही. मला वाटले, मी धीर देत आहे.

ती कोणाला तरी बोलावीत होती आणि मी तिचा हात धरून बसलो होतो.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सकाळी मेहुणी दारात. चेहरा उतरला आहे तुमचा, आज जाऊ नका, म्हणाली. ताईसारखेच डोळे. मी तिच्याकडे पाहिले नाही. कोणाकडेही पाहत नाही आता.

खणातला फुगा थांबत नाही. वेग वाढला आहे.

वर खुर्च्या सरकविल्याचे आवाज. माणसे येऊ लागली.

एक गोष्ट येथे लिहिली नाही. ती सर्वांना सांगत आलो, शोकसभेतही सांगितली. तिचे शेवटचे शब्द. सायंकाळी मूठ एकदम सैल पडली, तिने मान वळविली आणि स्पष्ट म्हणाली — अहो, बघा एकदा.

आणि गेली. शांतपणे. एकच झटका, डॉक्टर म्हणाले. शेवटी यातना अशा झाल्याच नाहीत.

मला कोडे पडे. मी तर तिच्याकडेच पाहत होतो. पापणीही लवली नव्हती. बघा, कोणास म्हणाली?

एकच झटका. म्हणजे शेवटी पाहणारा एकच होता. सभागृह नव्हे. बाई नव्हेत.

एकदा, म्हणाली.

इतके दिवस बघू नका, बघू नका. आणि शेवटी —

न पाहिले तर ती मेलीच नाही असे होईल काय? हा विचार आला. खरे सांगतो, आला. तर मग ती अजून त्या सकाळीच आहे. मूठ वळते आहे. मी ती धरून बसलो आहे. थांबणार नाही. आणि वरचे ते सारे डोळे —

खालचा भाग अजून स्वच्छ असेल. मानेकडचा. श्वासाची जागा. तेवढीच उरली आहे.

बाई जिना चढत आहेत. चुंबकराव काही विचारतो आहे, त्या हसून उत्तर देत आहेत.

दारास कडी घातली. चष्मा — नाही, चष्मा डोळ्यांवरच ठेवतो. मान सरळ. नकाशासारखे नाही. तुझ्याकडे पाहतो तसे.

उघडतो आहे.

फुगा थांब